मजल्याला एक प्रार्थना

आमच्या घरमालकांचा देवावर पूर्ण विश्वास होता, स्वतःवर मात्र काडीचाही नव्हता. पहिल्याच भेटीत, भाड्याचं बोलणं निघायच्या आधी, ते मला म्हणाले, "मी जन्माचा आळशी माणूस. माझ्या भरवशावर मी आजवर एकदाही अंथरुणातून उठलेलो नाही. तो उठवतो म्हणून उठतो." हा 'तो' कोण, ते मला काही कळलं नाही. मला वाटलं, घरात एखादा कडक स्वभावाचा मुलगा असेल.

हे हडपसरमधलं. मी वऱ्हाडातून नुकताच पुण्यात आलो होतो आणि नव्या आयटी पार्कात रात्रपाळी करत होतो, कारण आमची गिऱ्हाइकं अमेरिकेत तेव्हा जागी असायची. नोकरी चटकन मिळाली, खोली मिळेना. एकट्या मुलाला जागा द्यायची म्हणजे पुणेकराच्या जिवावर येतं. "रात्री उशिरा येत नाही ना?" असं विचारायचे. मी खरं सांगायचो, "रात्री येतच नाही, सकाळी येतो," की दार बंद. या गृहस्थांनी मात्र ते ऐकून लगेच किल्ली काढून दिली. त्यांना दिवसा घरात असणारा माणूसच हवा होता.

कारण काकू. काकूंचे दोन्ही गुडघे आणि खुबे संधिवातानं धरले होते. पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर, एवढाच त्यांचा प्रवास, तोही कुणीतरी उठवलं तर. मूलबाळ नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. काका भाजीला किंवा बँकेत गेले तर हाकेला कुणीतरी असावं, म्हणून मी. काकू शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे हाक मारून त्या नुसतं पाणी मागत नसत. पाणी देताना मी काय बोललो ते शुद्ध करून घेत. "काहून नाही हो, कशाला म्हणा. नाहीतर राहू द्या, काहूनच म्हणा, छान लागतं कानाला."

दोघं मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. शेजारच्यांना ते 'सलाम' म्हणत आणि चर्चला 'देऊळ' म्हणत. मी पहिल्या रविवारी विचारलं, "कुठल्या देवळात निघालात?" तर काका म्हणाले, "कॅम्पातल्या." मी म्हटलं, "कुठला देव?" काका थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एकच आहे. तुमच्याकडे चॉइस असते, आमच्याकडे नाही."

काकांनी उभं आयुष्य एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात घालवलं होतं. पुढे बाजार खुला झाला, बाहेरचा माल आला आणि कारखान्यानं माणसं कमी करायला स्वेच्छानिवृत्ती काढली. "स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती माझी," असं ते म्हणत. त्यातून मिळालेल्या पैशातून हे घर घेतलं. तेव्हा मागच्या गॅलरीतून पार मांजरी गावापर्यंत ऊस दिसायचा म्हणे. मी आलो तेव्हा काचेच्या इमारती दिसायच्या आणि मधे कुठंतरी उरलेला एक कोंबडा ऐकू यायचा. त्या कोंबड्याचं पुढं येईलच.

पहिल्याच सकाळची गोष्ट. मी पाळी संपवून आलो, आडवा झालो, डोळा लागतो न लागतो तोच भिंतीपलीकडून कण्हण्याचा आवाज आला. भिंत म्हणजे हॉलमधे प्लायवूड ठोकून केलेली, तिच्यातून भांड्याला भांडं लागलेलंही कळायचं. पलीकडे माणूस कण्हत होता आणि मधेच, अगदी जीव काढून, म्हणत होता, "भाकर... भाकर..." अरे बाप्पा! मला काही सुचेना. म्हातारा माणूस भुकेनं कळवळतोय आणि आपण इथे पडून आहोत. मी बॅगेतला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला आणि धावत हॉलमधे गेलो.

काका जमिनीवर पालथे होते. कोपरं आणि चवडे टेकलेले, बाकीचं अंग हवेत ताठ. घाम टपटप गळत होता. मी पुडा पुढे केला. त्यांनी मान वळवली नाही, फक्त दातओठ खाऊन म्हणाले, "बसा. अजून परीक्षा राहिलीय." आतल्या खोलीतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला, तो काही केल्या थांबेना.

खुलासा नंतर चहावर झाला. ख्रिस्ती लोकांची एक प्रार्थना असते, येशूनं स्वतः शिकवलेली. तिच्यात आधी स्वर्गातल्या बापाचं नाव येतं, मग रोजची भाकर मागतात, मग अपराधांची क्षमा, मग आम्हाला परीक्षेत घालू नकोस असं म्हणतात आणि शेवटी आमेन. काकांचा सगळा व्यायाम या प्रार्थनेवर बेतलेला होता. त्या ताठ पडून राहण्याला ते 'फळी' म्हणत, आणि फळी एका प्रार्थनेइतकी धरायची. बैठक मारून भिंतीला टेकायचं, तेही एका प्रार्थनेइतकं. घड्याळ वापरायचे नाहीत. मी माझ्या मोबाइलमधलं स्टॉपवॉच दाखवलं तर म्हणाले, "त्याचं बटण कुणाच्या हातात? माझ्या. मग काय उपयोग?"

मी म्हटलं, "प्रार्थना तरी कुणाच्या तोंडात? भरभर म्हटली की सुटलात."

काकांनी कप खाली ठेवला. "तेच तर भांडण आहे रोजचं," ते म्हणाले. आणि खरंच होतं. भाकरीपर्यंत ते कण्हत कण्हत, पण नीट, शब्दाला शब्द देत म्हणायचे. भाकरीनंतर हात थरथरायला लागले की मूळचा आळशी माणूस जागा व्हायचा आणि क्षमा, परीक्षा, आमेन एका दमात गुंडाळून मोकळा व्हायचा. मग धप्पकन पडल्याचा आवाज. मग शांतता. मग काकांचाच आवाज, जरा ओशाळा, "घाई झाली. परत." आणि पुन्हा पहिल्यापासून. हे मी रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकायचो. झोपेच्या नावानं बोंब होती, पण एक सांगतो, मला त्यांचं ते 'परत' आवडायचं. ऑफिसात चूक झाली की आम्ही ती कुणाच्या माथी मारायची यावर मीटिंग घ्यायचो.

मीही एकदा फळी करून बघितली. रात्रपाळीनं माझं पोट सुटलं होतं आणि काकू मला 'गणपतीबाप्पा' म्हणायला लागल्या होत्या. काका बाजूला बसून प्रार्थना म्हणाले, एक अक्षर न गाळता, अगदी चवीनं. मी भाकरीला घामाघूम झालो आणि परीक्षेपाशी पोटावर आपटलो. "सगळे तिथंच पडतात," काका म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका, इंजिनियर."

हा सगळा खटाटोप रविवारसाठी होता. रविवारी काकूंना देवळात जायचं असे. पाऊस असो, ताप असो, त्या सकाळीच केस विंचरून, पांढरं पातळ नेसून तयार. काका अनवाणी व्हायचे, कारण अनवाणी पाय पायरीला चिकटतो म्हणे, आणि काकूंना पाठुंगळीला घेऊन तीन मजले उतरायचे. चपला काकूंच्या हातात. खाली रिक्षा. दुपारी परत तसंच वर. काकू काही हलक्या नव्हत्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. वर चढताना काकांच्या मानेच्या शिरा दिसायच्या.

आणि जिन्यावर प्रार्थना काकू म्हणायच्या, कारण काकांना दम उरायचा नाही. मजल्याला एक. मजला आधी संपला तर काकांनी आमेनपर्यंत तसंच उभं राहायचं. मला आधी हा छळ वाटला. पण काका म्हणाले की उलट आहे, तिच्या चालीनं चाललं की दम पुरतो, स्वतःच्या चालीनं चाललं की पुरत नाही. काकूंनाही मधेच लहर यायची. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या चपला नेहमी जिन्यात पसरलेल्या असत. तिथं आल्या की त्या त्याच सुरात म्हणायच्या, "आणि या घरातल्यांना सुबुद्धी दे."

"हे प्रार्थनेत नाही," खालून काका, धापा टाकत.

"नसू दे. मागायला काय जातं?"

"घाई झाली. परत."

"घाई कुठं, उलट वाढवली की हो!" पण म्हणायच्या परत. दुसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं व्हायचं आणि पुन्हा लागायचं. चपला तिथंच.

त्यांच्या चर्चचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, अधूनमधून घरी यायचे. तरुण, उत्साही माणूस, बोलणं भरधाव. ते काकूंच्या गुडघ्यांवर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि म्हणायचे, "विश्वास ठेवा, प्रभू चमत्कार करील, बाई चालायला लागतील." काका म्हणायचे, "करील तेव्हा करील, साहेब. तोवर मी बैठका काढतो." एकदा पाळक गेल्यावर मी विचारलं, की तुम्ही स्वतः मागत नाही का तिच्या पायांसाठी. काका म्हणाले, "मागितले. नाही मिळाले. मग माझ्या पायांसाठी मागितलं, ते देतोय. पण एकरकमी देत नाही हो. रोज सकाळी जाऊन मागायला लागतं." हे सांगताना त्यांचा चेहरा रेशनच्या दुकानाबद्दल बोलावं तसा होता. त्यात भक्तिभाव वगैरे मला काही दिसला नाही, आणि म्हणूनच मला ते पटलं.

कधीकधी मात्र ते उठायचेच नाहीत. सकाळी शांतता असायची. काकू आतून म्हणायच्या, "आज पेत्र झाला वाटतं." पेत्र हा येशूचा शिष्य. येशूला धरून नेलं तेव्हा कोंबडा आरवायच्या आत यानं तीनदा म्हटलं, मी ह्या माणसाला ओळखत नाही. आमचा तो मांजरीकडचा कोंबडा आरवायचा आणि काका पांघरुणातून म्हणायचे, "ओळखत नाही, ओळखत नाही." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकर सुरू.

मग लिफ्ट आली. आयटीवाले भाडेकरू वाढले होते, ते जिने चढायला कुरकुरायचे, म्हणून सोसायटीनं जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत लिफ्ट बसवली. चार माणसांची म्हणे. चारही उपाशी असली तर मावली असती. सेक्रेटरींनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि पहिला मान काकूंना दिला. लिफ्टमधे प्लास्टिकची खुर्ची ठेवली तर दार लागेना. शेवटी काकांनी काकूंना कवेत धरून उभं केलं. दार लागायच्या आत काकूंनी वर, खाली, बाजूला बघितलं आणि म्हणाल्या, "उभ्याची सोय झाली. आडव्याचं काय?"

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, शुभ दिवशी काय हे!"

"अहो, शुभच बोलतेय. मला वर जायला तुमची लिफ्ट लागणार नाही. प्रश्न फक्त खाली यायचा आहे."

लोक हसले, मीही हसलो. काका हसले की नाही ते मी बघितलं नाही.

लिफ्टनंतर व्यायाम बंद पडला. गरजच उरली नाही. रविवारी बटण दाबलं की खाली. जिन्यावरची प्रार्थनाही गेली, कारण लिफ्ट भाकरीच्या आतच तळाला पोचायची. कोंबडा रोज आरवायचा आणि काका रोज पेत्र व्हायचे. त्यांचं पोट दिसायला लागलं. मला सकाळी छान झोप लागायची. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. काकू मात्र एकदा म्हणाल्या, "यांचा देव लिफ्टनं गेला," आणि त्यात नेहमीचा मिश्कीलपणा नव्हता.

नंतरच्या उन्हाळ्यात समोरच्या घरातले आजोबा वारले. लिफ्टमधे त्यांना नेता येईना. चार जणांनी चादरीत घेतलं आणि जिन्यानं निघाले. जिना अरुंद, वळण आखूड, चादर मधेच झोळीसारखी लोंबायला लागली. कुणी 'वर धरा', कुणी 'खाली घ्या'. वळणावर कठड्याला डोकं लागलं. आवाज झाला. काका आणि मी दारात उभे होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला. "भाकर... भाकर..." मी उठून बाहेर गेलो. काका पालथे पडले होते, सगळा दम गेलेला. व्यायाम सुटून बरेच दिवस झाले होते आणि वयही वाढलं होतं. मी म्हटलं, "काका, आता कशाला? लिफ्ट आहे ना."

"तिनं विचारलं होतं ना, आडव्याचं काय म्हणून," ते म्हणाले. "तिला मी चादरीतून जाऊ देणार नाही."

आतून काकू म्हणाल्या, "मी मेल्यावर मला काय कळणार आहे?"

"मला कळेल," काका म्हणाले, आणि पुन्हा कोपरं टेकवली.

काकूंची तब्येत तेव्हापासून उतरत गेली. संधिवाताच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं बिघडवली, असं डॉक्टर म्हणाले. भरलेलं अंग बघता बघता गेलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. इकडे काका रोज सकाळी घाम गाळत होते. साठी ओलांडलेला माणूस, पहिल्यांदा भाकरीलाच पडायचा, मग क्षमेपर्यंत पोचायला लागला, मग परीक्षेपर्यंत. "परत, परत," दिवसचे दिवस. त्यांची ताकद वाढत होती आणि जे उचलायचं ते हलकं होत होतं. हे दोघांनाही दिसत होतं. काकू म्हणायच्या, "अहो, राहू द्या आता, मला तर तो कोंबडासुद्धा उचलून नेईल." काका ऐकायचे नाहीत. मला त्या दिवसांत ऑफिसातून घरी यायची भीती वाटायची.

काकू एका दुपारी गेल्या. मी झोपलो होतो. काकांनी दारावर टकटक केली आणि म्हणाले, "इंजिनियर, उठा. ही गेली." मी उठलो आणि काय करायचं ते न कळून आधी चहा टाकला. मग तो तसाच ओट्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरहून माणसं आली, चर्चमधली आली. खाली गाडीतून पेटी आली. ती लिफ्टमधे जाणार नव्हतीच, जिन्याच्या वळणावरही फिरेना, म्हणून तळमजल्यावरच ठेवली. सेक्रेटरी वर येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "चादर आणू का?" मी काकांकडे बघितलं. काका आंघोळ करून, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून उभे होते. अनवाणी.

"नको," ते म्हणाले.

त्यांनी काकूंना दोन्ही हातांवर घेतलं. पांढरं पातळ, विंचरलेले केस. मी पुढे झालो मदतीला, पण मदत करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, इतक्या हलक्या झाल्या होत्या. पाळकसाहेब पुस्तक उघडून जिन्याच्या तोंडाशी आले. काका म्हणाले, "साहेब, रागावू नका. तुमची प्रार्थना एका मजल्याला पुरत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही म्हणा, इंजिनियर. तुम्हाला तिची चाल ठाऊक आहे."

मी हनुमानाच्या पाराशेजारी वाढलेला माणूस. पण इतकी वर्षं भिंतीतून ऐकल्यावर ती मला पाठ होती, कुठं कण्हायचं तेही पाठ होतं. पाळकसाहेब बाजूला सरकले. मी पुढची पायरी उतरलो आणि म्हणायला लागलो.

पहिला मजला उतरताना माझी जीभ धावली. मला त्यांच्या हातांची धास्ती होती. मागून काका म्हणाले, "सावकाश." मी वळून बघितलं. हात थरथरत नव्हते. दम लागला नव्हता. मग मी काकूंच्या चालीनं म्हणायला लागलो. वळणावर ते जरा अंग तिरकं करत, काकूंचं डोकं आपल्या दंडाशी घेत, आणि पुढे येत. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं, घरातली सगळी माणसं हात जोडून उभी होती, आणि जिन्यात एकही चप्पल नव्हती. मला तिथं बोलवेना. काका माझ्यासाठी थांबले.

शेवटच्या मजल्याला मी एकेक शब्द जपून ठेवला. भाकर मधल्या वळणावर आली, परीक्षा खालच्या पायऱ्यांवर, आणि शेवटच्या पायरीला आमेन. समोर पेटी उघडी होती. दोघं जण हात पुढे करून उभे होते. काका पेटीपर्यंत गेले आणि तिथं थांबले. काकू हातांवर तशाच. त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"घाई झाली," काका म्हणाले. "परत."

घाई झाली नव्हती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.